शिमग्यात सुरुवात, मृगात खिंड: कोकणातून हिमालयाच्या उन्हाळी वाटांवर

महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक म्हणजे कळसूबाई, १,६४६ मीटर. मनाली साधारण २,०५० मीटरवर आहे. म्हणजे मनालीच्या माल रोडवर मोमो खात उभा असलेला माणूस एकही पाऊल न चढता कळसूबाईच्या माथ्यापेक्षा चारशे मीटर वर असतो. आपण कोकणातले तर त्याहूनही खालचे. रत्नागिरीत आमच्या घराच्या पायरीवरून समुद्र दिसतो, आणि भरतीच्या वेळी आमच्यात आणि पाण्यात एखाद्या माडाएवढंच अंतर उरतं.

पहिल्यांदा हम्प्ता खिंडीकडे गेलो तेव्हा हे गणित डोक्यात नव्हतं. पाय तयार होते, सह्याद्रीतल्या घाटवाटा पालथ्या घातलेल्या होत्या, त्यामुळे छाती फुगलेली. दिल्लीहून रात्रीची बस, सकाळी मनाली, त्याच दुपारी ३,१०० मीटरवरच्या चिका तळावर तंबूत. दुसऱ्या दिवशी ३,६०० मीटर. त्या रात्री डोकं असं ठणकलं की कुणीतरी कोयतीच्या मुठीने ठोकतंय. मग उलट्या. तिसऱ्या दिवशी गट खिंडीकडे गेला आणि मी एका घोडेवाल्याबरोबर खाली. पायांनी दगा दिलाच नाही, पायांना काही विचारायची वेळच आली नाही.

त्यानंतर हिमालयात पाच वेळा जाऊन आलो. आमच्याकडून कुणी निघालं की एकच सांगतो: घाटवाटा पाय घडवतात, पण उंची घरी बसून कमावता येत नाही. ती तिथे जाऊन, दिवस मोजून दिले तरच मिळते. म्हणून खालच्या सगळ्या तयारीत मी दिवसांवर जास्त बोललो आहे आणि बुटांवर कमी.

कधी जायचं

हिमालयाचा चालायचा उन्हाळा मे ते सप्टेंबर. त्यातला अर्धा आपला पावसाळा, आणि कोकणातल्या माणसाचं वर्ष आधीच वाटून गेलेलं असतं. मे महिना आंब्याच्या पेट्यांचा, जुलै लावणीचा, आणि गणपतीत गाव सोडून कुठे जाणं म्हणजे घरात कायमचं वैर. शिक्षक असाल तर शाळा जूनच्या मध्याला उघडते. या सगळ्यातून जी फट उरते तिच्यात कुठली वाट बसते ते आधी बघा, वाटेचे फोटो नंतर.

मे ते जूनचा पहिला आठवडा मोकळा असेल तर पार्वती खोऱ्यातली सर पास. कसोलहून सुरू होते, साधारण ४,२०० मीटर, मे महिन्यात वर भरपूर बर्फ. जूनच्या मध्यानंतर, म्हणजे मृग लागल्यावर, हम्प्ता खिंड उघडते आणि सप्टेंबरपर्यंत चालू राहते. जून अखेरपर्यंत खिंडीजवळ बर्फ असतो, पुढे सगळं हिरवं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तराखंडातली फुलांची दरी आणि काश्मीरमधली मोठ्या तळ्यांची वाट.

इथे एक भूगोल लक्षात ठेवा. आपल्याकडे घाटमाथ्यापलीकडे जसा पाऊस आटत जातो, तसंच पीर पंजाल डोंगररांगेच्या पलीकडे लाहौल-स्पितीत होतं. हम्प्ता खिंड नेमकी त्या कण्यावर आहे. कुलूच्या बाजूला देवदार, हिरवळ आणि पाऊस; खिंड ओलांडली की तपकिरी, कोरडं, दगडी रान. आंबा घाट चढून मलकापूरच्या पुढे गेलं की जो फरक जाणवतो, तो इथे दोन तासांच्या उतरणीत दिसतो. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हीच वाट सुचवतो, ती या एका कारणासाठी.

कोणती वाट कुणाला

फुलांची दरी सगळ्यात सौम्य. दिसायला छान म्हणून नव्हे, झोपायला खाली म्हणून. गोविंदघाटपासून पुलनापर्यंत गाडीने, तिथून नऊ-दहा किलोमीटर चालून घांघरिया, सुमारे ३,०५० मीटर. मुक्काम तिथेच, लॉजमध्ये, गरम जेवणासकट. दरीत रात्री राहायला परवानगी नाही, दिवसा जाऊन परत यायचं. दुसऱ्या दिवशी हेमकुंड साहिब, ४,३०० मीटरच्या आसपास. सहा किलोमीटरमध्ये बाराशे मीटरपेक्षा जास्त चढ. रायगडाची उंची समुद्रसपाटीपासून ८२० मीटर, म्हणजे दीड रायगड सलग. पण रात्री परत घांघरियात. 'वर चढा, खाली झोपा' हा उंचीचा सगळ्यात जुना नियम या वाटेत आपोआप पाळला जातो. १९३१ साली कामेत शिखर चढून परतताना फ्रँक स्माइथ आणि त्याचे सोबती चुकून या दरीत उतरले आणि तिचं नाव जगभर झालं. आता ती युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे.

या वाटेची खरी परीक्षा डोंगरात होत नाही, रस्त्यावर होते. ऋषिकेश ते जोशीमठ हा रस्ता जुलै-ऑगस्टमध्ये दरड कोसळून तासन्‌तास, कधी दिवसभर बंद पडतो. परशुराम घाटात अडकलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवा.

भृगू तलाव हा मनालीजवळचा तीन-चार दिवसांचा ट्रेक. छोटा म्हणून लोक त्याला सोपा समजतात. माझ्या मते नवख्यासाठी तोच जास्त त्रासदायक, कारण दोन दिवसांत माणूस ४,२०० मीटरच्या वर पोचतो. अंतर कमी आणि उंची भरभर, हे सगळ्यात वाईट मिश्रण.

काश्मीरची तळी: सोनमर्ग ते नारानाग, साधारण सत्तर किलोमीटर, सात दिवस. विशनसर, किशनसर, गडसर, सतसर, गंगाबल. एवढं देखणं काही मी पाहिलेलं नाही. पण रोज लांब चाल, आणि मधून सुटून खाली येणं अवघड. वाटेत लष्कराच्या चौक्या आहेत, मूळ ओळखपत्र जवळ हवं. बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, गटात एकाकडे तरी पोस्टपेड असू द्या.

रुपिन पास, ४,६५० मीटर, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला. शेवटच्या घळीत बर्फाचा उभा चढ आहे, तिथे गाईड पायऱ्या खोदतो आणि आपण मुकाट त्याच्या पावलात पाऊल टाकतो. रूपकुंडाबद्दल अजून लोक विचारतात. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, मुक्कामाला बंदी घातली आणि ती वाट थांबली. कुणी 'आम्ही नेतो' म्हणालं तर त्याच्याबरोबर दुसरीकडेही जाऊ नका.

तीन महिन्यांची तयारी

जूनच्या मध्यात निघायचं तर मार्चमध्ये सुरुवात. सोपा हिशोब: शिमग्याची पालखी नाचवून खांदे दुखायचे थांबले की त्याच आठवड्यात.

पहिले चार आठवडे फक्त सवय. आठवड्यातून पाच दिवस पाऊण तास झपझप चाला, त्यातले दोन दिवस पाखाडी. कोकणात जिमची गरज नाही, पाखाडी आहे. वाडीपासून रस्त्यापर्यंत जांभ्याच्या शंभर-दीडशे पायऱ्या प्रत्येकाच्या गावाला असतात. पाच वेळा चढा, पाच वेळा उतरा. उतरताना घाई करू नका, प्रत्येक पायरीवर मांडीने वजन झेलत सावकाश या. ट्रेकमध्ये मांड्या चढताना भरून येतात, पण मोडतात त्या उतरताना.

पहाटे पाचला सुरू करा, सातपर्यंत संपवा. एप्रिलमध्ये साडेआठच्या दमट उन्हात पळून दम वाढतो असं वाटतं, पण त्याने फक्त घाम वाढतो आणि माणूस तिसऱ्या दिवशी सोडून देतो.

पाचव्या आठवड्यापासून पाठीवर सॅक. पाच किलोने सुरू करून आठ-नऊपर्यंत जा. मी पाण्याच्या बाटल्या भरतो: सुरुवातीचे दिवस वर पोचल्यावर पाणी झाडाला घालायचं आणि रिकाम्या सॅकने उतरायचं, गुडघे वाचतात. नंतर उतरतानाही वजन ठेवायचं. आई म्हणते, एवढं पाणी रोज आंब्याच्या कलमांना घातलं असतंस तर बाग झाली असती.

याच आठवड्यांत किनारा वापरा. ओहोटीच्या घट्ट वाळूत नको, तिथे डांबरी रस्त्यासारखं चालता येतं. वरच्या भुसभुशीत कोरड्या वाळूत चाला. पाऊल रुततं, घोटा डळमळतो, पोटऱ्या पेटतात. दुपारी वितळलेल्या बर्फात चालताना नेमकं असंच होतं. गुहागरचा किनारा पाच-सहा किलोमीटर सलग आहे, एक फेरी मारून बघा. आमच्या भाट्याच्या किनाऱ्यावर तीन-चार फेऱ्या लागतात.

नवव्या ते अकराव्या आठवड्यात खरे डोंगर. खेड तालुक्यातलं रसाळगड, सुमारगड, महिपतगड हे त्रिकूट दोन दिवसांत करा, पूर्ण सॅकसह. रसाळगडावर झोलाई देवीच्या देवळात मुक्काम होतो. दुसऱ्या दिवशी सुमारगडाचा शेवटचा भाग घसाऱ्याचा आहे, उन्हाळ्यात वाळक्या गवतावरून पाय सुटतो, तेव्हा नवख्यांनी वाटाड्या घ्यावाच. दक्षिणेकडच्यांना शिवापूरचे मनोहर-मनसंतोषगड जवळ. आमच्या संगमेश्वर भागात शृंगारपूरहून, म्हणजे येसूबाईंच्या माहेरातून, प्रचितगड: कोकणतळातून सरळ अंगावर येणारा चढ आणि शेवटी लोखंडी शिडी. वरचा भाग चांदोलीच्या राखीव जंगलाला लागून, तेव्हा वनखात्याकडे आधी चौकशी करा. या दिवसांत पाणी तीन-चार लिटर घ्या, वरची टाकी एप्रिलमध्ये आटलेली असू शकतात.

तयारी झाली की नाही याची माझी कसोटी साधी आहे. पाच किलोमीटर चाळीस मिनिटांत न थांबता धावता आलं पाहिजे. आठ किलो पाठीवर घेऊन सहाशे मीटरचा घाट दोन तासांत चढता आला पाहिजे. आणि तिसरी कसोटी महत्त्वाची: दुसऱ्या दिवशी सकाळी घराच्या पायऱ्या कण्हत-कुंथत न उतरता चहा आणायला जाता आलं पाहिजे. तिथे सलग पाच दिवस चालायचं असतं.

शेवटचा आठवडा आराम. त्या आठवड्यात नवीन विक्रम करायला जाऊन पाय मुरगळून घेतलेले दोन मित्र मला माहीत आहेत.

डॉक्टरांकडे महिनाभर आधी जा. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, आणि चाळिशी उलटली असेल तर हृदयाची तपासणी. ट्रेकवाले वैद्यकीय प्रमाणपत्र मागतात. ओळखीच्या डॉक्टरकडून न तपासता सही आणू नका, ते प्रमाणपत्र स्वतःसाठी असतं.

प्रवास, म्हणजे खरी युक्ती

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. रत्नागिरीहून मंगला एक्सप्रेस थेट निजामुद्दीनला जाते. पण जूनमध्ये कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू होतं, गाड्यांचा वेग कमी होतो आणि वेळा बदलतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात जाऊन तिसऱ्या आठवड्यात परतणाऱ्याची जायची वेळ एक आणि यायची दुसरी. दिल्लीत गाडी आणि बस यांच्यामध्ये किमान सहा तास सोडा.

आता ते दिवस. बहुतेक ठिकाणी छापील कार्यक्रम असा असतो: पहिला दिवस, मनाली ते चिका. माझी पहिली खेप त्याच कार्यक्रमाने फसली. तुम्ही दोन दिवस आधी पोचा. पहिला दिवस मनालीत नुसता चालत घालवा, वसिष्ठ गावापर्यंत जा, भरपूर पाणी प्या, लवकर झोपा. दुसऱ्या दिवशी कुठल्या तरी धारेवर २,७००-२,८०० मीटरपर्यंत चढा, तासभर बसा आणि खाली झोपायला या. हॉटेलच्या दोन रात्रींचा खर्च जड वाटतो. माझ्या अर्धवट ट्रेकचे बुडालेले पैसे त्याच्या कितीतरी पट होते.

हे का लागतं ते थोडक्यात. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे एकवीस टक्क्यांच्या आसपासच असतं, पण वर हवेचा दाब कमी होतो. हम्प्ता खिंडीत तो समुद्रकिनाऱ्याच्या जेमतेम साठ टक्के. म्हणजे इथल्या दहा श्वासांत जे मिळतं त्यासाठी तिथे सोळा-सतरा घ्यावे लागतात. शरीर आधी श्वास वाढवतं, मग मूत्रपिंडं रक्ताची आम्लता सावरतात, म्हणून लघवीला जास्त लागतं, आणि ते चांगलं लक्षण आहे. हे सगळं व्हायला दिवस लागतात. तुम्ही मॅरेथॉन धावता की पानटपरीवर बसता, यात शरीर फरक करत नाही. उलट धडधाकट तरुण जास्त वेगाने चढतो आणि जास्त आजारी पडतो.

नियम असा: ३,००० मीटरनंतर झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम त्याच जागी. कार्यक्रमात हे बसत नसेल तर आयोजकाला विचारा. उत्तर टाळलं तर आयोजक बदला.

सामान

कोकणातल्या माणसाला पावसाची भीती नसते, थंडीचा अंदाज नसतो. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात. रत्नागिरीत बत्तीस अंश असताना खिंडीत चार, तेही वारा नसेल तर. रात्री शून्याखाली.

अंगावर तीन थर: आत घाम शोषून लगेच वाळणारा सिंथेटिक किंवा लोकरीचा, वर फ्लीस, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. तळावर बसायला पिसांचं जाड जॅकेट. सुती बनियन घरी ठेवा. ओली झाली की ती अंगातली ऊब शोषून घेते. रेनकोटपेक्षा पोंचो बरा, सॅकसकट माणूस झाकतो. आपल्या इरल्याचीच कल्पना, फक्त प्लास्टिकची. स्लीपिंग बॅग, काठ्या, जाड जॅकेट मनालीत भाड्याने मिळतं, एकदाच जाणार असाल तर विकत घेऊ नका. बूट मात्र स्वतःचे, घोट्याच्या वर येणारे, आणि घाटात तीन-चारदा चाललेले.

बुटांबद्दल आपल्यासाठी खास एक धोका. ट्रेकिंग बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा थर असतो आणि दमट हवेत तो वापर नसतानाही आतून विरत जातो. चार पावसाळे कपाटात काढलेले बूट दिसायला नवे असतात आणि तिसऱ्या दिवशी तळ जबडा उघडतो. माझे बालू का घेराच्या अलीकडे उघडले. स्वयंपाक्याने तंबूची दोरी दिली, ती आडवी-उभी बांधून दोन दिवस चाललो. निघण्याआधी बूट दोन्ही हातांनी पिळून बघा, भेगा दिसल्या तर नवे घ्या. चिकटपट्टी आणि सुतळी तरीही न्या.

काळा गॉगल चैन नाही. बर्फावरून परावर्तित होणारे अतिनील किरण एका दुपारीत डोळे भाजतात, आणि ते रात्री कळतं, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं. सनस्क्रीन नाकपुड्यांच्या खालीसुद्धा लावा, बर्फातलं ऊन खालून येतं. खोबरेल तेल तिथे दगड होतं. ओठांना आणि टाचांच्या भेगांना आपलं मुठेल, म्हणजे कोकमाचं तेल, न्या. ते मुळातच घट्ट असतं, सांडत नाही, आणि हिमाचली गाईडने माझ्याकडून अर्धा तुकडा मागून घेतला.

हम्प्ता, दिवसागणिक

पहिला दिवस: गाडीने वळणावळणाने जोबरा, तिथून दीड-दोन तास चालून चिका. अंतर इतकं कमी की करमत नाही. पळू नका. बोलता येईल एवढ्याच वेगाने चाला. वाक्य तुटायला लागलं की पाय हळू करा.

दुसरा दिवस: नदीकाठाने बालू का घेरा, सुमारे ३,६०० मीटर. नावाप्रमाणे वाळवंटी पात्र, आपल्या खाडीतल्या रेतीच्या पुळणीसारखं. पोचल्यावर आडवे होऊ नका. चहा प्या, मग समोरच्या उतारावर शंभर मीटर चढून अर्धा तास बसा आणि परत या. संध्याकाळी जेवण जात नाही, तरी जेवा.

इथे जेवणाबद्दल. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, ४,००० मीटरवर साधारण ८६-८७ अंशांना. भात कुकरशिवाय शिजत नाही, डाळ तर नाहीच. भूकही मेलेली असते. मी घरून तीन गोष्टी नेतो. कुळथाची पिठी: गरम पाण्यात मीठ, तिखट टाकून पाच मिनिटं आटवली की कपभर तयार, आणि तोंडाला चव येते. आंबापोळी आणि फणसपोळी: चालताना चघळायला, हलकी, थंडीत कडक होत नाही, बाजारातल्या चॉकलेटच्या कांड्यांपेक्षा हजारपट बरी. आणि आमसुलं: दोन कोमट पाण्यात, चिमूटभर मीठ, गूळ. मळमळतं तेव्हा दुसरं काही घशाखाली उतरत नाही.

पाण्याचं आपलं गणित तिथे फसतं. इथे घाम निथळतो म्हणून आपण पितो. तिथली हवा इतकी कोरडी की घाम दिसतच नाही, आणि पाणी श्वासावाटे जातं. तहान लागायची वाट बघू नका. दिवसाला तीन-चार लिटर, थोडं थोडं. लघवी फिकी आहे ना, एवढं बघा.

तिसरा दिवस खिंडीचा. पहाटे निघून आठ ते दहा तास. जूनमध्ये शेवटचा चढ बर्फातून. चढताना बुटाचं टोक बर्फात मारून पायरी करा, उतरताना टाच रोवा. शरीर मागे झुकलं की घसरलात. आपल्या शेवाळलेल्या पाखाडीवर पावसात उतरताना जसं गुडघे मोडून पुढे वजन ठेवतो तसंच. ४,२७० मीटरवर पोचल्यावर इंद्रासन आणि देव तिब्बा दिसतात, ढग नसले तर. फोटोसाठी वीस मिनिटं पुरे. दुपारनंतर ढग चढतात, आणि पलीकडची उतरण लांब आणि उभी आहे. शिया गोरू तळावर, साधारण ३,९०० मीटर, अंधाराआधी पोचायचंच.

चौथा दिवस: सकाळी ओढा ओलांडायचा. पाण्यात पाय घातला की दहा सेकंदांत बोटं हरवतात. पण आपल्याला भरती-ओहोटी कळते, म्हणून हे लगेच समजेल: या ओढ्यांना रोज भरती येते, सूर्याने. रात्री बर्फ गोठतो, पहाटे पाणी सगळ्यात कमी. दुपारी वितळून संध्याकाळी पूर्ण भरती. म्हणून सकाळी सातला ओलांडायचं, चारला नाही. सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, हात धरून साखळी करा, प्रवाहाकडे तोंड ठेवा, अनवाणी जाऊ नका, जुन्या सँडल घाला. मग छत्रूपर्यंत उतार. रस्ता उघडा असेल तर गाडीने चंद्रताल, तळ्याच्या काठावर तंबू लावायला बंदी आहे, मुक्काम अलीकडे. परत अटल बोगद्यातून मनाली.

डोकं दुखलं तर

डोकेदुखी, मळमळ, भूक नाहीशी, झोप न येणं, गळून जाणं: यातली डोकेदुखी आणि आणखी एक असेल तर तो उंचीचा आजार समजायचा. पित्त, ऊन, गॅस ही नावं द्यायची नाहीत. त्या दिवशी वर जायचं नाही. आराम, पाणी, डोकेदुखीची साधी गोळी. उतार पडला तर दुसऱ्या दिवशी पुढे, वाढला तर खाली.

दोन गोष्टींना थांबणं नाही. बसल्या जागी धाप, खोकला, छातीत घरघर: फुप्फुसात पाणी. बडबड, गोंधळ, तोल जाणं: मेंदूला सूज. तोलाची परीक्षा सोपी, जमिनीवर सरळ रेष मारा आणि एका पायाच्या बोटांपुढे दुसऱ्याची टाच टेकवत चालायला सांगा. जमत नसेल तर रात्र असो वा पाऊस, त्याच क्षणी पाचशे ते हजार मीटर खाली, सोबत माणूस देऊन. सकाळची वाट बघायची नाही.

अ‍ॅसेटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, प्रतिबंधासाठी साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाच्या आदल्या दिवसापासून देतात. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं लागतं. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरला आधी सांगा. कुणाचं ऐकून स्वतः सुरू करू नका. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर थंड बोटावर वाटेल ते आकडे दाखवतो, हात चोळून गरम करून मगच बघा, आणि आकड्यापेक्षा माणसाकडे बघा.

रात्री शेजारचा श्वास थांबतो, मग जोरात खेचतो, परत थांबतो. उंचीवर झोपेत हे होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मित्राला लाथ मारून उठवलं होतं.

आणि हवामान. २०२४ च्या जूनमध्ये उत्तरकाशीच्या सहस्रताल वाटेवर अचानक आलेल्या हिमवादळात कर्नाटकातून आलेल्या नऊ ट्रेकरांचा मृत्यू झाला. जून होता, उन्हाळा होता. गाईड 'साब, आज नहीं' म्हणाला की पैसे, सुट्टी, आरक्षण हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. तो राखीव दिवस यासाठीच ठेवलेला असतो.

परत आल्यावर

तुम्ही उतरता तेव्हा रत्नागिरीत धो-धो पाऊस असतो. सॅक तशीच कोपऱ्यात टाकली तर चार दिवसांत बुरशी. स्लीपिंग बॅग पंख्याखाली दोन दिवस पसरून ठेवा आणि नंतर पिशवीत कोंबू नका, सैल टांगा. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे, रोज बदलून, चुलीपासून लांब. धगीने तळाचा गोंद सुटतो. कपडे उन्हाची वाट बघत ठेवू नका, उन्हाला अजून तीन महिने आहेत. आणि उरलेली पिठी त्याच आठवड्यात संपवा, तिला वास लागायला लागतो.